आईची कूस आणि माझं घड्याळ

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मला वाटलं, एअर बेड आणला की काम झालं. पंधरवड्यात माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबून सोडलं तरी तो पांढरा पडेना. बेडसोरची, म्हणजे एकाच जागी सतत भार पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात ती हीच. (सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे जागा गरम, कडक किंवा जांभळट लागते का बघा.)

तेव्हापासून मी दर 2 तासांनी तिची कूस बदलते, रात्रीसुद्धा. अगदी आडवं कुशीवर नाही, पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंश कलतं. नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. वर सरकवताना ओढायचं नाही, चादरीसकट दोघांनी उचलायचं. पोटरीखाली उशी, टाचा अधांतरी. खुर्चीत बसवलं तर भार दर पाव तासाने हलवायचा.

लाल जागा चोळू नका. मीही आधी तेल चोळलं होतं! अंगाखाली ठेवायची रबरी रिंगही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा तुटतो. डायपर ओला झाला की लगेच बदला.

कातडी फाटली, काळी पडली, वास किंवा ताप आला तर घरगुती लेप न लावता थेट डॉक्टर.