खाणीच्या ढिगाऱ्यावर गाजर गवत हटत नाही? या चुका टाळा

चंद्रपूर, घुग्घुस, वणी, राजुरा या पट्ट्यात कोळसा खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत. या ओबी (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरची उपसलेली माती) डंपवर रोपं लागतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात गाजर गवत त्यांच्या डोक्यावरून जातं. "कितीही काढा, येतेच," असं निंदणीच्या बाया म्हणतात. येणारच, कारण आपण ते फुलावर आल्यावर काढायला जातो.

फुलं दिसल्यावर निंदणी

पहिल्या पावसात उगवलेलं गाजर गवत महिना-दीड महिन्यात फुलतं. एका झाडाला हजारोंनी बी धरतं. निंदणीची मंजुरी मात्र सप्टेंबरात येते. तेव्हा झाड उपटलं की हिसक्यानेच बी झडतं, म्हणजे मजुरी देऊन आपणच पेरणी केली. जुलैत, जमीन ओली असताना, फुलाआधी मुळासकट उपटा. विळ्याने वरून कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं. फुलाआधीचं गवत नाडेप (कंपोस्ट खताच्या) टाक्यात कुजवून खत होतं, फुललेलं त्यात टाकू नका.

आणि हातमोजे द्या. एका बाईचे कोपरापर्यंत लाल, खरखरीत झालेले हात मी पाहिलेत. ती बाई पदराने हात झाकून काम करत होती. या गवताने अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो. मोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं नसेल तर काम सुरूच करू नये.

दोन खड्ड्यांमधली जमीन उघडी ठेवणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. ढिगाऱ्याची माती मुरमाड, सेंद्रिय अंश जवळजवळ नाही. आपण खड्ड्यात शेणखत घालून रोप लावतो आणि मधली जागा मोकळी सोडतो. मोकळी जागा गाजर गवताला आंदणच. पहिल्या पावसाबरोबर ताग, धैंचा (हिरवळीचं खत) आणि स्टायलो (चाऱ्याचं पीक) यांचं बी फेका, सोबत मारवेल आणि पवन्यासारखं आपलं गवत. तरोटा शेतात नकोसा असला तरी इथे सोबती आहे. त्याच्या शेंगा दिवाळीच्या सुमारास गोळा करून ठेवा, मे महिन्यात उतारावर विखरा. दाट उगवला की गाजर गवताला दाबतो.

झटपट हिरवं दिसावं म्हणून सुबाभूळ लावू नका. चार वर्षांनी तीच काढावी लागते.

वरच्या मातीचा ढीग विसरणं

खाण खोदताना बाजूला काढलेली सुपीक माती वर्षानुवर्षं पडून राहते, तिच्यावर तण माजतं आणि तीच माती डंपवर पसरली जाते. ढीग लावला त्याच हंगामात त्यावर धैंचा पेरा. बाहेरून येणाऱ्या जेसीबी-डंपरचे टायर आणि बकेट आत येण्याआधी धुऊन घ्या.

मीठ आणि औषध

रस्त्याकडेला २० टक्के मिठाचं पाणी मारतात, ते पाहून इथेही मारलं जातं. आधीच कस नसलेल्या मातीत मीठ साचलं की रोपंही बसतात. ग्लायफोसेट या तणनाशकाचा तुषार वाऱ्याने रोपांवर जातो, शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने त्याची फवारणी परवानाधारक कीड नियंत्रकांपुरती मर्यादित केली.

फवारणीआधी पानं उलटून बघा. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघा असलेला छोटा भुंगा दिसला तर पंप खाली ठेवा. हा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये गाजर गवतासाठीच भारतात सोडला गेला. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या पानं फस्त करतात.

घाणेरी बुडाशी छाटणं

गाजर गवतासारखंच माजणारं दुसरं झुडूप म्हणजे घाणेरी (लँटाना). छाटलेली घाणेरी दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांच्या पद्धतीत माती थोडी उकरून मूळ तीन-चार सेंटिमीटर खाली तोडतात आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवतात, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. फळं काळी होण्याआधी हे करा. पिकली की पक्षी खातात आणि बी पुढच्या ढिगाऱ्यावर पोचतं.

निधी संपला की निंदणीच्या फेऱ्या थांबतात, तिथेच सगळी मेहनत पाण्यात जाते. निदान दर जुलैत एकदा डंपच्या रस्त्याकडेने आणि पाणी वाहतं त्या घळींतून चालून या. नवं गाजर गवत बहुधा तिथूनच सुरू होतं.