एनसीसीच्या टीम बांधताना या चुका टाळा (यातल्या निम्म्या मी केलेल्या आहेत)

"सर, ई-जी-एफ म्हणजे काय?" कॅम्पवर दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेचा एक कॅडेट वही पुढे करून विचारत होता. आमच्या टीममधल्या मुलीने झेंड्यांनी पाठवलं होतं सी-ए-बी. तिचे हात ताठ, झेंडे स्थिर, दोन अक्षरांमधली विश्रांतीही बरोबर. समोरच्याचं वाचनही चुकलं नव्हतं. चुकला होता तिचा मास्तर, म्हणजे मी.

सेमाफोर म्हणजे दोन हातांतल्या झेंड्यांनी एकेक अक्षर दाखवून निरोप पाठवणं. त्यात ए, बी, सी ही पाठवणाऱ्याच्या उजव्या हाताची अक्षरं. हात खाली तिरका, मग आडवा, मग वर तिरका. ई, एफ, जी डाव्या हाताची. डी सरळ डोक्यावर, त्यामुळे आरशातही ते डीच राहतं. मी पोरांकडे तोंड करून उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्यासारखं करा." त्यांनी केलं, आरशात दिसावं तसं. अख्खी बॅच उलटी शिकली. आपापसात मात्र सगळं छान चालायचं, कारण पाठवणारा आणि वाचणारा दोघेही सारखेच उलटे! दोन महिने कुणाला शंकासुद्धा आली नाही.

शिकवताना पोरांकडे पाठ करून उभे राहा. पाठवणं जमलं की वाचणं आपोआप येईल, असं समजू नका, त्याचा सराव वेगळा घ्या. पंधरवड्यातून एकदा बाहेरच्या कुणाकडून तरी टीमचं वाचन करून घ्या. रत्नागिरीत एनसीसीचं नेव्हल युनिट आहे, त्यामुळे आमच्या भागात सेमाफोर येणारी कॉलेजची पोरं सापडतात. अशा एका पोराने आमची चूक पाच मिनिटांत पकडली असती.

पडवीत आखडलेलं पाऊल

ड्रिलमध्ये पाऊल तीस इंचांचं आणि वेग मिनिटाला १२० कदम, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण जून ते सप्टेंबर आमचं मैदान म्हणजे शेवाळ धरलेला जांभा. त्यावर बूट घालून "तेज चल" म्हणणं म्हणजे कुणाचा तरी हात मोडून घेणं. म्हणून सगळा सराव शाळेच्या पडवीत. पडवी अरुंद, समोर भिंत, त्यामुळे पोरं नकळत पाऊल आखडतात. ऑक्टोबरात मैदानावर आल्यावर पुढची रांग लांब टाकते, मागची तोकडं, आणि आपण ओरडत बसतो की "लक्ष नाही."

लक्ष असतं, पायाला सवय वेगळी लागलेली असते. पावसात पडवीत फक्त उभ्या जागेचं काम घ्या: सलामी, मुडणं, "सावधान-विश्राम". चालवायचंच असेल तर फरशीवर तीस-तीस इंचांवर खडूच्या रेघा मारा. मोबाइलवर १२०चा ठोका लावून ठेवा. (आठवीच्या पहिल्या परेडला "बाएँ मुड" ऐकून पोरी हमखास हसतात, कारण घरी आजी त्यांना "गो बाये" म्हणत असते. हसू द्या, आठवडाभरात थांबतं.)

आणखी एक. "लंबा दाहिने, छोटा बाएँ" करून जुलैत लावलेली रांग जानेवारीपर्यंत तशीच ठेवू नका. या वयात पोरं सहा महिन्यांत ताडासारखी वाढतात. दिवाळीनंतर रांग पुन्हा लावा, नाहीतर २६ जानेवारीला मधेच एक डोकं वर दिसतं.

शनिवार बोटीला मानवत नाही

बोट पुलिंगच्या (वल्ह्यांनी बोट मारायच्या) टीमची सगळ्यात मोठी चूक वेळापत्रकात असते. परेड शनिवारी, म्हणून बोटही शनिवारी, दुपारी चारला. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळपास सहा तास सरकते. म्हणजे या शनिवारी चारला खाडी भरलेली असेल, तर पुढच्या शनिवारी चारला तिथे गाळ. एकाआड एक शनिवार वाया, आणि आपण म्हणायचं "सराव कमी पडला."

आमच्याकडच्या खलाशांचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. खाडीत आत गेलं की थोडा उशीर धरायचा. हा अंदाज आहे, पाण्यात पोरं उतरवण्याआधी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचंच. सरावाची वेळ भरतीच्या तासभर आधीची ठेवा. पाणी चढतं असेल तर दमलेली टीम आत, धक्क्याकडे वाहते. ओहोटीला ती तोंडाकडे जाते. उधाणाला तर नवशिक्यांना उतरवूच नका.

वल्हं मारताना नवी पोरं पाण्यात खोल खुपसतात, मग ते अडकतं आणि मूठ छातीवर बसते. पातं जेमतेम बुडेल एवढंच. वल्हवताना समोरच्याच्या पाठीकडे बघायचं, स्वतःच्या वल्ह्याकडे नाही. लाइफ जॅकेटबद्दल चर्चाच नको: कोळ्याच्या घरातला पोर "मला पोहता येतं" म्हणाला तरी घालायचंच.

नेमबाजी

फायरिंग युनिटच्या पीआय स्टाफच्या (कायम प्रशिक्षकांच्या) देखरेखीत, रेंजवरच. शाळेत फक्त कोरडा सराव. वर्षातून मोजक्याच गोळ्या मिळतात, म्हणून पोरं प्रत्येक गोळीला घाबरून ट्रिगरला हिसका देतात. रिकाम्या रायफलच्या नळीवर नाणं ठेवा. ट्रिगर दाबल्यावर नाणं पडलं नाही, की मग रेंजवर न्या. कुणाचा कोणता डोळा प्रबळ आहे, हेही आधीच बघा. आमचा एक पोर वर्षभर चुकीचा डोळा मिटत होता.

कार्डावरची भोकं जवळजवळ असतील पण मधोमध नसतील, तर पोराला बोलू नका. त्याचं काम बरोबर आहे, रायफलच्या साइटचं (नेम धरायच्या खुणेचं) स्टाफला बघायला सांगा. भोकं विखुरलेली असतील तर श्वास आणि ट्रिगर.

शिप मॉडेलिंग

एकच सांगतो: पावसाळ्यात रंगाचा दुसरा थर घाईने देऊ नका. आमच्या हवेत वरून सुकल्यासारखं दिसतं आणि आत ओलं असतं. जजने हात लावला आणि त्याचा अंगठा आमच्या युद्धनौकेच्या डेकवर कायमचा उमटला.

त्याच त्या आठ जणांची टीम

ड्रिलला चांगला, म्हणून सेमाफोरला तोच, फायरिंगला तोच, आणि गार्ड ऑफ ऑनरलाही तोच. हे सगळीकडे होतं. नववीतली ही पोरं दहावीत गेली की जूनमध्ये हातात काही उरत नाही. प्रत्येक टीममध्ये निम्मी जागा आठवीला ठेवाच. पहिलं वर्ष हरलात तरी चालेल.

'ए' सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी आणि एक कॅम्प लागतो. जुलैत भातलावणी, पुढे गणपती, घरी मुंबईचे चाकरमानी. हजेरी तिथेच गळते. गळणाऱ्यांना टीममधून काढून टाकणं ही माझी जुनी सवय. एका मुलीचं नाव मी "आवड नाही" म्हणून खोडलं होतं. परेड सुटायची साडेपाचला आणि तिच्या वाडीची शेवटची एसटी पाचला सुटायची, हे मला तिच्या धाकट्या भावाने सांगितलं, दोन वर्षांनी, तो आठवीत आला तेव्हा.

आता रजिस्टरात नावापुढे एक रकाना एसटीच्या वेळेचा आहे. त्याच्या शेजारचा तिथीचा.