गाडी सेल्फच घेत नसेल, तर दोष शोधायचा कसा

नागपुरात मेकॅनिकला फोन लावला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, गाडी सुरू होऊन नाही राहिली." जाणता मेकॅनिक त्यावर लगेच विचारतो, "सेल्फ मारून राहिली का?" सेल्फ म्हणजे इंजिनला पहिले फेरे देणारी स्टार्टर मोटर, आणि अर्धं निदान या प्रश्नातच होतं. किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरतं पण पेटत नाही, तो आजार वेगळा. त्यात पेट्रोल-डिझेलचा पुरवठा, स्पार्क, सेन्सर बघावे लागतात. इंजिन जागचं हलतच नसेल, तर इंधनाच्या मागे लागू नका. दोष बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेत असतो, नाहीतर सेल्फमध्ये. क्वचित इंजिनच जाम झालेलं असतं.

मात्र गाडी पाण्यात उभी होती किंवा पाण्यातून काढताना बंद पडली असेल, तर किल्लीला हातच लावू नका. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या. अशा वेळी पाणी ओसरल्यावर सेल्फ मारून बघायचा मोह होतो, आणि तोच महागात पडतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये वाटीभर पाणी शिरलेलं असलं तरी वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी टो करूनच न्या.

बाकी सगळ्या वेळी बॉनेट उघडण्याआधी कान द्या. एसीचा पंखा आणि गाणी बंद करा, गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, आतला दिवा लावा आणि किल्ली तीन-चार सेकंद फिरवा. भराभर टक-टक-टक-टक आवाज आला, तर वीज कमी पडते आहे. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा विजेने ओढला जाणारा स्विच, आत ओढला जातो, त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, परत ओढला जातो. एकच खणखणीत "टक" आणि पुढे शांतता असेल, तर सोलेनॉइड चालतो पण मोटर फिरत नाही. नुसता घुंईं असा मोकळा आवाज येत असेल, तर मोटर फिरते पण बेंडिक्सचा, म्हणजे सेल्फच्या पुढे सरकणाऱ्या दातेरी चाकाचा, दात फ्लायव्हीलमध्ये (इंजिनच्या जड दातेरी चाकात) बसत नाही. काहीच आवाज नसेल, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोहोचत नाही.

त्याच वेळी आतल्या दिव्याकडे बघा. दिवा विझायला आला, तर बॅटरी किंवा तिची जोडणी कमजोर आहे. दिवा जसाच्या तसा राहिला, तर करंट सेल्फकडे जातच नाही. बॅटरी चांगली असूनही "टक" होऊन दिवा बराच मंदावला, तर सेल्फ किंवा इंजिन अडकलंय. हा दिवा बघितला की नवी बॅटरी विनाकारण विकत घेणं वाचतं.

आता मल्टिमीटर. साधा मीटर पुरे, तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी दोन-तीन तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा जास्त दिसले तर ती भरलेली आहे, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० च्या खाली गेली तर उतरलीच. १०.५ च्या आसपास आकडा असेल, तर सहापैकी एक सेल गेला, कारण प्रत्येक सेलचे साधारण २.१ व्होल्ट असतात. अशी बॅटरी चार्ज करण्यात वेळ घालवू नका. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या वेळी आकडा ९.६ च्या खाली जाता कामा नये. उभ्या गाडीत १२.५ दाखवणारी बॅटरी किल्ली फिरवताच ७ वर आपटत असेल, तर ती आतून संपली आहे.

आपल्याकडे बॅटरी लवकर जाते, आणि त्याला कारण आपला उन्हाळा. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वात तापलेल्या नऊ दिवसांत, सावलीचा पारा ४५ च्या पुढे जातो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. उष्णतेने पाणी उडतं आणि प्लेटांची जाळी झिजते. बॅटरी मार खाते मेमध्ये आणि मान टाकते डिसेंबरच्या थंड सकाळी, म्हणून लोक थंडीला दोष देतात. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी पाणी बघा. प्लेटांच्या वर साधारण १० मिमी पाणी हवं. भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर; नळाचं नको, आरओचंही नको. अ‍ॅसिड कधीच घालू नका. उडतं ते पाणी, अ‍ॅसिड जागेवरच राहतं.

टर्मिनल

बॅटरीचा आकडा चांगला असूनही सेल्फ टक-टक करत असेल, तर संशय टर्मिनलवर घ्या. क्लॅम्पभोवती पांढरट-निळसर भुगा दिसतो. कधी बाहेरून सगळं स्वच्छ असतं आणि आतल्या बाजूला काळसर थर बसलेला असतो. क्लॅम्प हाताने फिरवून बघा. जरा जरी फिरला, तर दोष बहुधा तिथेच सापडला. दिवे आणि हॉर्न चालवायला थोडे अँपिअर लागतात, ते अशा सैल जोडातूनही जातात. सेल्फला पेट्रोल गाडीत शंभर-दोनशे अँपिअर लागतात, डिझेलला त्याहून जास्त, आणि तेवढे या थरातून जात नाहीत. "हॉर्न तर मस्त वाजतो, मग बॅटरी ठीक आहे" हे म्हणूनच चूक.

सफाई अशी करा. किल्ली काढा. बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. आधी मायनस सोडायचा, मग प्लस. लावताना आधी प्लस, शेवटी मायनस. उलट केलंत आणि प्लसवरचा पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घाला आणि जुन्या टूथब्रशने भुगा धुवा. तो फसफसला म्हणजे अ‍ॅसिड मरतंय. हे पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. कोरडं पुसून पॉलिश पेपरने खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू शिशाची चमक दिसेपर्यंत घासा. क्लॅम्प तळापर्यंत बसवून आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी लावलं तर तेच जोडाच्या मध्ये बसतं.

तरीही फरक नाही? मीटरचा एक काटा बॅटरीच्या प्लस खांबाच्या शिशावर धरा, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरा सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर. दुसऱ्या माणसाला किल्ली फिरवायला सांगा. आकडा ०.५ व्होल्टच्या आत हवा. तसंच मायनस खांब आणि इंजिनचं उघडं लोखंड यांच्यात ०.३ च्या आत. जास्त आला, तर वीज त्या वायरमध्येच अडकते आहे. इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी सर्वात जास्त फसवते. पावसाळ्यात तिचा बोल्ट गंजतो. खात्रीसाठी जंपरची (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घ्यायच्या जाड वायरींपैकी) एक वायर मायनसवरून थेट इंजिनच्या लोखंडाला लावा. सेल्फ जोरात फिरला, तर चोर अर्थिंगच.

काहीच आवाज नसेल तर

क्लच पूर्ण तळापर्यंत दाबला का? बऱ्याच गाड्या त्याशिवाय सेल्फ घेत नाहीत, आणि पायाखाली सरकलेली मॅट पेडल अडवते. ऑटोमॅटिक असेल तर P सोडून N मध्ये करून बघा. N मध्ये घेतली तर गिअरचा स्विच बिघडला. बटण-स्टार्ट असेल तर किल्ली बटणालाच टेकवून दाबा, बहुतेकदा किल्लीतला सेल संपलेला असतो. मग फ्यूज बॉक्समधला स्टार्टरचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) काढा आणि त्याच नंबरचा, बहुधा हॉर्नचा, तिथे बसवा. पार्किंगमध्ये उंदीर असतील, तर वायरिंगवर एकदा टॉर्च मारा.

शेवटी सेल्फच्या सोलेनॉइडवरची बारीक वायर तपासा. किल्ली फिरवताना तिथे १२ च्या आसपास व्होल्ट येत असून सेल्फ गप्प असेल, तर सेल्फ काढावा लागणार. येत नसतील, तर सेल्फ निर्दोष आहे. इग्निशन स्विच, रिले आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) यांच्या वाटेने मागे जा.

सेल्फचे कार्बन (मोटरला वीज पोहोचवणारे आतले ब्रश) घासले असतील, तर कुणीतरी किल्ली धरलेली असताना सेल्फच्या अंगावर पान्याच्या मागच्या बाजूने हलके ठोके मारा. बहुधा एकदा तरी फिरतो. तेवढ्यात गाडी गॅरेजला न्या, कारण पुढच्या वेळी ठोकूनही फिरेल याचा भरवसा नाही. मेच्या दुपारी वर्धा रोडने येऊन पंपावर गाडी बंद केली, लगेच सेल्फ घेतला नाही आणि अर्ध्या तासाने घेतला, असं होत असेल तर ती उष्णतेची तक्रार. सेल्फ सायलेन्सरच्या नळीजवळ असेल तर तापतो. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ६० अंशांनी तापलेल्या कॉइलचा जवळपास पाव पट जास्त. चांगला सेल्फ हे सोसतो, जुना सोसत नाही. हीट शील्ड जागेवर आहे का तेही बघा.

इंजिन जाम आहे का

वीज ठीक, सेल्फ ठीक, तरी "ठक" होऊन थांबत असेल, तर बॅटरीचा मायनस सोडा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि क्रँक पुलीच्या (इंजिनच्या बेल्ट फिरवणाऱ्या मुख्य चाकाच्या) बोल्टला सॉकेट लावून इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने हाताने फिरवा. पूर्ण दोन फेरे व्हायला हवेत. मध्ये मध्ये जड लागणं हे कॉम्प्रेशन, त्याने घाबरू नका. अजिबात हलत नसेल तर आधी बेल्ट काढून पुन्हा प्रयत्न करा. अल्टरनेटर किंवा एसी कॉम्प्रेसरचं बेअरिंग जाम झालं तरी इंजिन अडतं, आणि तो खर्च इंजिनच्या मानाने किरकोळ असतो. बेल्ट काढूनही हललं नाही, तर ऑइलची डिपस्टिक ओढा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. काठीला ऑइलच लागलं नाही तर बेअरिंग धरलेलं असण्याची शक्यता मोठी. दोन्ही वेळा जंप देऊ नका, धक्काही मारू नका, गाडी टो करून पाठवा आणि सेल्फचा आवाज, दिव्याचं वागणं, मीटरचे आकडे कागदावर लिहून सोबत द्या.