आधी चिखल, मग फ्लेमिंगो

एटीडी (कलाशिक्षक पदविका) करून नुकत्याच शाळेत चित्रकला शिकवायला लागलेल्यांसाठी लिहितेय. टाचण, साहित्य, वेळापत्रक तुम्ही सांभाळालच. मी जिथे चुकले तेवढंच सांगते.

नवी मुंबईत, ऐरोलीतलं पहिलं वर्ष. पाचवीला ‘आपली खाडी’ विषय दिला आणि फळ्यावर फ्लेमिंगो काढून दाखवला. गुलाबी पक्षी, निळंशार पाणी. तासाभरात ४५ गुलाबी पक्षी तयार! एका मुलीचा मात्र राखाडी, चिखलात उभा. मी तिचा खडू घेऊन त्यावर गुलाबी रंग फिरवला. ती गप्प बसली. तिचे बाबा खाडीत मासेमारी करतात, हे मला नंतर कळलं. लहान वयाचे फ्लेमिंगो राखाडीच असतात, गुलाबी रंग खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे हळूहळू चढतो, हेही नंतरच. तिने पाहिलेला पक्षी काढला होता, मी कॅलेंडरवरचा. अजून आठवलं की पोटात कालवतं.

म्हणून, फळ्यावर तयार नमुना काढू नका. ‘नुसती कल्पना यावी म्हणून’ सुद्धा नको. कोपऱ्यात छोटासा काढून लगेच पुसला तरी मुलं तोच काढतात, मी करून पाहिलंय. छापील चित्रांच्या झेरॉक्स रंगवायला देणं तर त्याहून वाईट. ‘पालकांना भिंत सुंदर दिसली पाहिजे,’ असं सांगणारे ज्येष्ठ भेटतील. त्यांचा मान ठेवा, सल्ला घेऊ नका.

आता मी पक्षी शेवटी आणते. पहिला तास नुसता चिखल, तपकिरी कागदावर ओल्या मातीचे हात. मग तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडाची मुळं, काड्या उभ्या चिकटवून. ‘बाई, मुळं वर का?’ हा प्रश्न येतोच. चिखलात हवा जवळजवळ नसते, झाड या मुळांनी श्वास घेतं. मग निवट्या हा चिखलातला मासा आणि एकच नांगी मोठी असलेला खेकडा. फ्लेमिंगो येईपर्यंत तो कुठे उभा राहील, चोच उलटी धरून काय गाळून खाईल, हे मुलंच सांगतात. जमलं तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात वर्ग न्या.

चित्रं मातकट दिसतील. घाबरू नका, खाडी मातकटच आहे.

आणि चित्र चुकलंय असं वाटलं, तर खडूला हात लावण्याआधी विचारा, ‘कुठे पाहिलंस?’ गेल्या वर्षी एकाने तिवरात कोल्हा काढला. विचारलं, तर म्हणाला, ‘घरामागे, रात्री.’ इथल्या तिवरांत सोनेरी कोल्हे खरंच राहतात.