सीमाभागातल्या जमिनीचे प्रश्न, नॉलेज ग्राफ आणि भाषा-मॉडेल: कामाला बसण्याआधीची तयारी

सीमाभागातल्या लोकांच्या जमिनीविषयीच्या प्रश्नांना मराठीत उत्तरं देणारी यंत्रणा उभी करायची आहे. तिचे दोन भाग: नॉलेज ग्राफ, म्हणजे माणसं, जमिनी, कागद आणि त्यांची एकमेकांशी असलेली नाती जोडून ठेवणारा माहितीसाठा; आणि भाषा-मॉडेल, म्हणजे प्रश्न वाचून उत्तर लिहिणारं यंत्र. सगळ्यात आधी प्रश्न जमवा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथल्या तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्यांजवळ बसा आणि लोक विचारतात त्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. ‘आजोबा कूळ होते, मग उताऱ्यावर आमचं नाव कसं नाही?’ ‘वाटणी झाली, पण फेरफार कुठं अडकलाय?’ शंभरेक प्रश्न हाताशी आले की ग्राफमध्ये कोणत्या गोष्टी हव्यात ते आपोआप दिसतं: माणूस, सर्व्हे नंबर, हिस्सा, फेरफार, गाव, कायदा, अर्ज. याहून जास्त प्रकार सुरुवातीला घेऊच नका.

नुसते कागद स्कॅन करून मॉडेलपुढे ठेवले तर काय बिघडतं, हे हे प्रश्नच सांगतात. आजोबांच्या नोंदीवरून फेरफार, फेरफारावरून हिस्सा, हिस्स्यावरून आजचा खातेदार अशा तीन-चार पायऱ्या चढाव्या लागतात. या कागदांत एकमेकांशी जुळणारे शब्द असतीलच असं नाही, त्यामुळे प्रश्नाशी मिळताजुळता मजकूर शोधणारी पद्धत मधेच तुटते. ग्राफमध्ये ती वाट आधीच जोडलेली असते.

आता ज्या तयारीला सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा ती. मराठीत प्रश्न आला की मॉडेल महाराष्ट्रातलं उत्तर देण्याची शक्यता मोठी, कारण कायद्यावरचं मराठी लिखाण बहुतेक तिकडचंच. कुळाबद्दल विचारलं तर ते सातबारा काढायला सांगेल, 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन (कुळांना जमिनीचे मालक मानण्याचा तिकडचा दिवस) सांगेल. खानापूरच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याला लागू आहे 1961 चा कर्नाटक जमीन सुधारणा कायदा. त्यातल्या दुरुस्तीने 1 मार्च 1974 पासून कुळांकडच्या जमिनी सरकारकडे निहित झाल्या आणि कुळांना हक्कासाठी फॉर्म नंबर 7 भरून लँड ट्रिब्युनलकडे जावं लागलं. अस्खलित मराठीतलं चुकीचं उत्तर आपल्या माणसाला जास्त फसवतं, कारण ते आपलं वाटतं. म्हणून प्रश्नाची भाषा बघून कायदा ठरवू देऊ नका. गाव विचारा, आणि गावावरून ग्राफनेच राज्य आणि कायदा ठरवावा.

त्यासाठी गाव-तालुका-जिल्हा-राज्य या प्रत्येक नात्यावर ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ लिहा. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका मात्र मुंबईकडेच राहिला आणि आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. 1973 मध्ये राज्य कर्नाटक झालं, 2014 मध्ये शहर बेळगावी. यातला पहिला बदल राज्यच बदलणारा, बाकीचे नावाचे. ग्राफमध्ये दोन्ही एकाच खणात टाकले तर पुढची सगळी उत्तरं घसरतात.

क्षेत्रफळ गुंठ्यांत साठवा. उताऱ्यावरचं 2-20 म्हणजे दोन एकर वीस गुंठे, अर्थात 100 गुंठे, कारण 40 गुंठ्यांचा एकर. मॉडेलने ते 2.20 असं वाचलं तर बारा गुंठे जमीन गायब होते. पलीकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, त्यामुळे मूळ एकक शेजारी ठेवाच.

नावं यंत्राकडून एकत्र करून घेऊ नका. मारुती, मारुतप्पा आणि कन्नड उताऱ्यावरून लिप्यंतर झालेलं तिसरं रूप एकाच माणसाचं असेल, नाहीतर चुलतभावांचं. ‘बहुधा तोच’ असं वेगळं नातं ठेवा, आणि कागद पाहून निवृत्त तलाठ्याने किंवा वकिलाने होकार दिल्यावरच ते पक्कं करा. प्रत्येक नात्यावर कागदाचा प्रकार, साल आणि पान हवं. जुने मोडीतले कागद असतील तर वाचणाऱ्याचं नावही.

यंत्राचा बाऊ करू नका. ग्राफ साठवायला निओफोरजे (Neo4j) या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते, आणि आठ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलमधल्या आकड्यांचं) खुलं मॉडेल चार बिटांत आणलं, म्हणजे त्यातले आकडे कमी जागेत साठवले, की आठ जीबीच्या ग्राफिक्स कार्डात बसतं. ते आपल्याच खोलीत चालवा. लोकांच्या जमिनीची माहिती बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायची नाही.

मॉडेलला दोनच कामं द्या: प्रश्नाची सायफर क्वेरी (निओफोरजेला समजेल अशा भाषेतली विचारणा) करणं आणि ग्राफमधून आलेल्या ओळी सोप्या मराठीत सांगणं. ग्राफ रिकामा आला तर ‘नोंद सापडली नाही’ एवढंच उत्तर. चूक सापडली तर दुरुस्ती ग्राफमध्ये करा. मॉडेलला दिलेल्या सूचनांत ठिगळ लावलं की तीच चूक दुसऱ्या गावात निघते.

तपासताना क्वेरी बरोबर होती का आणि वाक्य ओळींशी प्रामाणिक होतं का, याचे गुण वेगवेगळे मांडा. कुळाचा एकच प्रश्न एकदा चंदगडच्या गावाच्या नावाने विचारा, एकदा खानापूरच्या. दोन्हीकडे एकच कायदा आणि एकच तारीख आली, तर ते लोकांसाठी अजून सुरू करू नका.