पर्यायपत्रातील पहिली ओळ

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल कळले, गुणवत्ता यादीत नाव दिसले, की घरात सगळ्यांना एकदम हायसे वाटते. आमच्याकडेही २०२५ च्या पावसाळ्यात तसेच झाले. थोरलीला ९६ च्या थोडे वर पर्सेंटाइल होते, तिला संगणक अभियांत्रिकी शिकायची होती आणि बार्शीहून पुण्याला जायचे, हेही ठरलेले होते. मी एका पतसंस्थेत नोकरी करते. लोकांच्या कर्जाच्या अर्जांतील चुका काढणे हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे तिच्या प्रवेशाचा अर्ज आपल्या हातून चुकणार नाही, याची मला खात्री होती. त्यातील एकही रकाना चुकला नाही, आणि तरीही तिला हवी असलेली जागा हातची गेली. ते कसे घडले हे सविस्तर लिहिते आहे, कारण या वर्षी आमच्याच गल्लीतील दोन घरे तीच चूक करण्याच्या बेतात होती.

कागदपत्रांविषयी थोडक्यात लिहिते, कारण ती यादी सगळ्यांना पाठ असते. नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असले पाहिजे. घरात 'आहे एक' म्हणून कपाटात ठेवलेल्या प्रमाणपत्राची मुदत आधीच संपलेली असू शकते. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती अर्ज भरताना चालते, परंतु ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र आले नाही, तर मुलाला खुल्या प्रवर्गात धरले जाते, आणि मग तेथे कोणाचीही विनवणी उपयोगी पडत नाही. मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२४-२५ पासून इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतील आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे राज्याच्या एकत्रित जागावाटपातून, मिळालेल्या जागेसाठी आहे, महाविद्यालय स्वतः भरते त्या व्यवस्थापन कोट्यासाठी नाही. वसतिगृह, मेस आणि विकास शुल्क मात्र आपल्याच खिशातून जाते, हे आधीच हिशेबात धरावे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. पर्यायपत्र म्हणजे हवी असलेली महाविद्यालये पसंतीच्या क्रमाने लिहून देण्याचा ऑनलाइन अर्ज; त्यावरून फेरीफेरीने जागा वाटल्या जातात. त्यात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. आम्ही अकरा भरले. सोलापूरच्या एका सल्लागाराला आम्ही चांगली रक्कम मोजली होती आणि त्याने छापील कागदावर आम्हाला क्रम लावून दिला होता. त्याचे म्हणणे असे, की मुलीला मनापासून हवे असलेल्या महाविद्यालयाचा मागच्या वर्षीचा कट-ऑफ, म्हणजे शेवटचा प्रवेश मिळालेले पर्सेंटाइल, तिच्या पर्सेंटाइलपेक्षा थोडा वर आहे, म्हणून ते पहिल्या क्रमांकावर टाकणे म्हणजे पहिला पर्याय वाया घालवणे; त्यापेक्षा जेथे हमखास जागा मिळेल असे महाविद्यालय वर टाका आणि पहिल्याच फेरीत जागा पक्की करा. हे ऐकायला इतके शहाणपणाचे वाटले, की आम्ही त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. नेट कॅफेत संगणकासमोरच्या खुर्चीत मी बसले होते आणि थोरली माझ्या मागे उभी होती. ती एकदाच म्हणाली, "आई, ते वर टाकू या ना." मी कागदावर बोट ठेवून म्हटले, "सरांनी क्रम लावून दिला आहे." त्यानंतर ती काही बोलली नाही.

पहिल्या फेरीत आम्हाला पहिला पर्याय मिळाला. कॅफेवाल्याने अभिनंदन केले, मी पेढे आणले, आणि रात्री थोरलीने नियमावलीचे ते पान उघडून माझ्यापुढे ठेवले. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, की ती जागा आपोआप गोठते. त्याला सगळे ऑटो-फ्रीझ म्हणतात. त्या वर्षी एकूण चार फेऱ्या होत्या. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पर्यायांपैकी कोणताही मिळाला तर तो गोठत असे आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. गोठलेल्या उमेदवाराला पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही, बेटरमेंट, म्हणजे यादीतला आणखी वरचा पर्याय, मागता येत नाही. तुम्हीच पहिल्या ओळीवर लिहून दिलेले असते, की मला जगात याहून चांगले काही नको. यंत्रणा तुमच्या शब्दावर विश्वास ठेवते. पुढे तिसऱ्या फेरीची यादी लागली, तेव्हा तिला हव्या असलेल्या महाविद्यालयात तिच्याच प्रवर्गातील शेवटची जागा तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलच्या मुलीला मिळालेली होती. ती ओळ मी किती वेळा वाचली असेल, ते सांगत नाही.

जागावाटप कसे चालते हे एकदा नीट समजून घेतले असते, तर त्या सल्ल्यातील खोट मला तेथेच दिसली असती. मी ते आता असे समजावते. धान्याच्या दुकानात रांग लागली आहे आणि रांगेतला तुमचा क्रमांक तुमच्या गुणवत्तेने आधीच ठरलेला आहे. तुमच्या हातात एक चिठ्ठी आहे: पहिली मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, ती नसेल तर दुसरी अमुक, तीही नसेल तर तिसरी तमुक. तुमची पाळी आली, की दुकानदार चिठ्ठी वरून खाली वाचतो आणि जी पहिली शिल्लक असेल ती तुमच्या पिशवीत घालतो. मालदांडी संपलेली असेल, तर तो पुढच्या ओळीवर जातो. तुम्ही मालदांडी मागितली म्हणून तो तुम्हाला रांगेत मागे ढकलत नाही आणि दुसऱ्या ओळीवरची ज्वारी तुमच्या मागच्याला देऊन टाकत नाही. म्हणजे न मिळणारे महाविद्यालय सर्वांत वर लिहिल्याने आपले काहीही जात नाही. हमखास मिळणारे सर्वांत वर लिहिल्याने मात्र त्याच्या खालची सगळी यादी त्याच क्षणी निकामी होते. आमच्या अकरा पर्यायांपैकी खालचे दहा कोणी वाचलेही नाहीत.

म्हणून क्रम लावताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: वरच्या आणि खालच्या ओळीवरची दोन्ही महाविद्यालये आज माझ्यापुढे ठेवली, तर मूल कोणते उचलेल? जे उचलेल ते वर. कट-ऑफचा उपयोग यादी किती खालपर्यंत न्यायची हे ठरवण्यासाठी आहे, क्रम लावण्यासाठी नाही. आणि यादी खालपर्यंत न्यावीच. शेवटच्या काही ओळींवर हमखास मिळणारी, तरीही मुलाला मान्य असलेली महाविद्यालये असलीच पाहिजेत. जेथे जायचेच नाही असे नाव यादी लांबवण्यासाठीसुद्धा लिहू नये. पहिल्या फेरीत पाचवा-सातवा पर्याय मिळाला तर घाबरण्याचे कारण नाही. एक हजार रुपये जागा-स्वीकृती शुल्क भरून ती जागा धरून ठेवायची आणि बेटरमेंट निवडायचे. वरचा पर्याय मिळाला तर आधीची जागा आपोआप सुटते, नाही मिळाला तर हातची जागा हातातच राहते. आम्हाला या मधल्या दिवसांची धाकधूक नको होती. ती टाळण्यासाठी आम्ही चार वर्षांची जागा दिली, असेच म्हणावे लागेल.

कट-ऑफच्या याद्या वाचताना सांकेतिक अक्षरांकडे लक्ष द्यावे. पहिले अक्षर 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे महिलांसाठीची जागा; मधे प्रवर्ग; शेवटी 'एच' म्हणजे गृह विद्यापीठ, 'ओ' म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे आणि 'एस' म्हणजे राज्यस्तर. बारावी बार्शीतून झालेल्या मुलीचे गृह विद्यापीठ सोलापूरचे असते. पुण्यातील महाविद्यालयाच्या यादीत तिने 'एच'चा रकाना पाहण्यात अर्थ नाही, तिने 'ओ' आणि 'एस' पाहावेत. एका शेजाऱ्यांनी तर मुलीसाठी पूर्ण यादी 'जी'चे रकाने पाहून तयार केली होती.

पैसे घेऊन सल्ला देणाऱ्यांविषयी माझे मत आता कडवट झाले आहे आणि ते मी लपवत नाही. त्या गृहस्थाची नियत वाईट होती असे मी म्हणणार नाही. पण त्याच्या जाहिरातीत 'पहिल्या फेरीत पहिला पर्याय' मिळालेल्या मुलांची संख्या छापलेली असते, आणि सोपे महाविद्यालय वर टाकायला लावले की ती संख्या आपोआप वाढते, हे मला फार उशिरा सुचले. नात्यातील ज्या काकांनी पंधरा वर्षांपूर्वी अभियांत्रिकी केली, त्यांचे ऐकावे, चहा द्यावा आणि त्यांच्या काळातले नियम त्यांच्यापाशीच राहू द्यावेत. खरा उपयोग होतो तो त्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाचा किंवा मुलीचा. त्याला फेऱ्या आठवत असतात, मेस कशी आहे हे माहीत असते आणि त्याला आपल्याला काही विकायचे नसते. नियमपुस्तिका मात्र आपण स्वतः वाचावी. कंटाळवाणी असते, पण एका रात्रीत होते.

आणि ज्यांच्या हातून असे काही होऊन गेले आहे, त्यांनी मुलासमोर रोज उगाळू नये. मी महिनाभर उगाळले. शेवटी थोरलीच म्हणाली, की या महाविद्यालयात मला चार वर्षे काढायची आहेत, ते वाईट आहे असे तू रोज सांगितलेस तर मी कशी राहू? महाविद्यालय वाईट नाही. प्रयोगशाळा नीट आहेत, शिकवणारे शिकवतात, आणि ती रमली आहे.

वसतिगृहाच्या बाबतीत आम्ही गाफील होतो. प्रवेश झाला म्हणजे खोली मिळाली, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात वसतिगृहाचा अर्ज वेगळा, त्याची यादी वेगळी आणि जागा अपुऱ्या. पहिला दीड महिना थोरली कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरते भाडे देऊन, एका खाजगी ठिकाणी राहिली. तेव्हा शिकले ते हे, की खोली पाहायला दुपारी जाऊ नये. दुपारी सगळ्या खोल्या चांगल्या दिसतात. संध्याकाळी सातनंतर जावे; पाणी येते का, महाविद्यालयापासून तेथपर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, जिन्यात कोण उभे असते, हे तेव्हा कळते. मालकिणीशी बोलून झाले, की मुलीला तेथे राहणाऱ्या मुलींबरोबर दहा मिनिटे एकटे सोडावे. मेसमध्ये स्वतः एक जेवण जेवून पाहावे. अनामत रकमेची पावती आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचे, हे लेखी घ्यावे.

रॅगिंगविरोधी हमीपत्रावर विद्यार्थ्याबरोबर पालकांचीही सही लागते आणि आपण ती गठ्ठ्यातला एक कागद म्हणून ठोकून देतो. महाराष्ट्रात रॅगिंगला मनाई करणारा कायदा १९९९ पासून आहे आणि १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय मदतक्रमांक चोवीस तास चालतो. तो मुलाच्या फोनमध्ये आपल्यासमोर जतन करून घ्यावा आणि 'काही झाले तर आधी मला सांग, मी ओरडणार नाही' हे त्याच वेळी तोंडाने म्हणावे.

सामानाची चर्चा घरोघरी उगाच लांबते. बादली, कुलूप, मच्छरदाणी, चार हँगर हे सगळे तेथे कोपऱ्यावर मिळते, आणि महागड्या ट्रॉली बॅगेची चाके वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर जाताना उपयोगी पडत नाहीत. त्या वेळात मुलांना दुसरे काही शिकवावे. सप्टेंबरात थोरलीला ताप आला, तेव्हा ती सरकारी दवाखान्यात जाऊन तासभर औषधाच्या खिडकीसमोर उभी राहिली आणि पाळी आल्यावर तिला कळले, की आधी केसपेपर काढावा लागतो. समाकलनाची गणिते तोंडी सोडवणाऱ्या मुलीला आजवर केसपेपर मी काढून देत आले होते. बँकेत पैसे भरण्याची पावती लिहिणे, तक्रारीचा साधा अर्ज करणे, रंग जाणारे कपडे वेगळे भिजवणे, उसने मागणाऱ्या मैत्रिणीला न भांडता नाही म्हणणे, हे सगळे निकालाची वाट पाहण्याच्या काळात सहज होते.

फोनविषयी एक कबुली देते. पहिले काही आठवडे मी दिवसातून तीनदा फोन करत असे आणि रात्रीचा 'जेवले' हा निरोप आल्याशिवाय मला झोप येत नसे. तो निरोप रोज बरोबर साडेआठला येई. दिवाळीला ती घरी आली, तेव्हा बोलण्याच्या ओघात समजले, की तिची मेस नऊला उघडते. मी काळजी करू नये म्हणून ती जेवायच्या आधीच कळवून टाकत होती. आता आम्ही रविवारी निवांत बोलतो, मधल्या दिवसांत ती तिला वाटेल तेव्हा फोन करते, आणि तिच्याकडून खऱ्या गोष्टी जास्त कळतात.

धाकटा यंदा अकरावीत आहे. त्याच्या जात वैधतेचा अर्ज बहिणीचे प्रमाणपत्र जोडून आताच करून टाकला आहे. परवा त्याने वहीच्या मागच्या पानावर महाविद्यालयांची यादी लिहिली. पहिल्या ओळीवर त्याने जे नाव लिहिले आहे, ते वाचून 'अरे, हे कुठे मिळणार' असे माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी वही मिटून त्याच्या दप्तरात ठेवली.