रीबूट केलं, पण ग्रबचा मेनू आलाच नाही? या चुका टाळा

रावेरच्या केळी व्यापाऱ्याचं ऑफिस असो की धुळ्याच्या कॉलेजची लॅब, एकाच मशीनवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) असलं की कधी ना कधी ही तक्रार कानावर येते. रीबूट दिलं, पण ना कंपनीचा लोगो दिसला ना ग्रबचा, म्हणजे ‘विंडोज की लिनक्स’ हे विचारणाऱ्या बूटलोडरचा मेनू. थेट लिनक्सच पुन्हा सुरू झालं. मग ग्रब बिघडलं असं समजून लोक ते नव्याने इन्स्टॉल करतात. ही पहिली चूक. ग्रब ठणठणीत असतं, त्याची पाळीच आलेली नसते.

हे काम केएक्सेकचं, म्हणजे लिनक्समधल्या झटपट रीबूटच्या सोयीचं. 2005 मध्ये आलेल्या 2.6.13 कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ही सोय आहे. चालू कर्नल दुसरा कर्नल मेमरीत घेतो आणि थेट त्याच्या हाती कारभार देतो. बायोस (मशीन सुरू होताच आधी चालणारं फर्मवेअर) आणि बूटलोडर दोन्ही वगळले जातात. मोठ्या सर्व्हरवर हार्डवेअर तपासणीचा वेळ वाचतो, तिथे ही सोय उत्तमच. डेस्कटॉपवर मात्र ती बहुधा नकळत शिरते. क्रॅश डंपचं (सिस्टम कोसळल्यावर मेमरीची नोंद जपणारं) पॅकेज टाकताना ‘रीबूट केएक्सेक-टूल्सने हाताळायचं का?’ असं विचारलं जातं आणि घाईत ‘हो’ दाबलं जातं.

दुसरी चूक म्हणजे ग्रबची फाइल पुन्हापुन्हा बदलत बसणं. डेबियन-उबुंटूवर केएक्सेक आपणहून ग्रबचं कॉन्फिगरेशन वाचत नाही, चालू कर्नल ज्या पर्यायांनी सुरू झाला तेच पुढे नेतो. म्हणून ग्रबमधले बदल पक्के करणारी अपडेट-ग्रब कमांड चालवूनही नवा पर्याय लागू होत नाही. प्रॉक फोल्डरातली सीएमडीलाइन फाइल उघडा, जुनीच ओळ दिसेल.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. ग्रब-रीबूट कमांडने ‘पुढच्या वेळी विंडोज’ असं सांगितलं, तर ती नोंद ग्रबच्या फाइलीत राहते आणि ग्रब खरोखर चालेल तेव्हाच पुसली जाते. केएक्सेकमुळे आज लिनक्सच आलं, तुम्ही विसरलात. चार दिवसांनी लाइट गेली, यूपीएसने दम सोडला. वीज आल्यावर मशीन विंडोजमध्ये उघडलं. शेअर फोल्डर लिनक्सवर असेल, तर सकाळी ऑफिसातल्या कुणालाच तो सापडत नाही. आपल्याकडच्या भारनियमनात हे अगदी शक्य आहे.

म्हणून ग्रबला हात लावण्याआधी सिस फोल्डरातल्या कर्नलखालची ‘केएक्सेक लोडेड’ फाइल बघा. 1 असेल तर पुढचा कर्नल मेमरीत आधीच भरलेला आहे. सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या) अलीकडच्या आवृत्त्या अशा वेळी साध्या रीबूटलाही केएक्सेकच करतात. केएक्सेक कमांडला अनलोडचा पर्याय देऊन तो उतरवा. मग ईटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरातल्या केएक्सेक फाइलीत ‘लोड केएक्सेक’ समोर ‘फॉल्स’ लिहा. सिस फोल्डरात ‘केएक्सेक लोडेड’च्या शेजारच्या ‘क्रॅश लोडेड’ फाइलीत 1 असेल तर असू द्या, तो क्रॅश डंपचा राखीव कर्नल आहे.

बायोस अपडेट किंवा रीबूटनंतर स्क्रीन काळी राहणं, या दोन्ही प्रसंगी मशीन पूर्ण बंद करूनच चालू करा. केएक्सेकमध्ये फर्मवेअर चालतच नाही, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड कधीकधी जुन्याच अवस्थेत अडकून राहतं.